निवाड्याची ओढ : प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने विष घेतले किंवा गळफास लावून घेतला, म्हणजे त्या मृत्यूची चौकशी एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू होते. एक सरकारदरबारी : पोलीस पाटलाची वर्दी, पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सातबाऱ्याचा उतारा, थकबाकीचा दाखला, आणि अखेर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निर्णय. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयाने पात्र प्रकरणास १ लाख रुपयांचे साहाय्य ठरवून दिले, त्यांपैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी जमीन मृताच्या अथवा कुटुंबीयांच्या नावे असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे आणि ते थकलेले असावे, अशा अटी. दुसरी चौकशी पारावर आणि पानठेल्यावर चालते : तो पीत होता काय, मुलीच्या लग्नात पैसा उधळला काय, बायकोशी पटत नव्हते काय. या चौकशीला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि तिचा निकाल बहुधा मयताला अग्नी देण्याच्या आतच लागलेला असतो.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही दुसरी चौकशी आहे. माणसे इतरांविषयी निवाडा का करतात, तो करण्याची एवढी घाई त्यांना का असते, आणि ख्रिस्ती धर्मविचाराने दोन सहस्र वर्षांत या घाईची कोणकोणती निदाने केली, याचा शोध घेणारे निरनिराळ्या लेखकांचे निबंध येथे एकत्र केले आहेत. लेखकांत काही ख्रिस्ती आहेत, काही नाहीत; मात्र प्रत्येकाने ख्रिस्ती परंपरेला आपले म्हणणे मांडण्याची पुरती मोकळीक द्यावी आणि मगच आपली हरकत नोंदवावी, एवढी एक शिस्त सर्वांनी पाळली आहे. ग्रंथ मराठीत आहे आणि त्याचे पाय वर्ध्याच्या काळ्या जमिनीत रोवलेले आहेत, हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य होय.

आरंभ अर्थातच डोंगरावरील प्रवचनापासून करावा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील, दुसऱ्याचा न्याय करू नका असे बजावणारी आज्ञा आणि तिच्या पाठोपाठ येणारे कुसळ-मुसळाचे चित्र ज्यांनी बायबल कधी उघडलेले नाही त्यांनाही ठाऊक असते. परंतु त्याच अध्यायात, पवित्र वस्तू कोणापुढे टाकाव्यात याचे तारतम्य राखा आणि खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असेही सांगितले आहे. आणि योहानाच्या सातव्या अध्यायात येशू, वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, असे स्पष्ट फर्मावतो. म्हणजे विवेक तर हवा, आणि निवाडा तर नको. या दोहोंमधली सीमारेषा कोठे आखावी, या एका प्रश्नाभोवती ख्रिस्ती विचारवंतांचे सारे पंथ उभे राहिले आहेत असे म्हटले तरी चालेल.

त्या सीमेचा पहिला खुणेचा दगड मात्र उपदेशात नसून दोन प्रसंगांत आहे. यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजता काय, हा येशूचा प्रश्न लूकाने नोंदवला आहे. आणि जन्मांध मनुष्य दिसताच, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारल्याचे योहान सांगतो. तेथे येशूने दोन्ही पर्याय नाकारले, कारणमीमांसेचे दप्तरच बंद केले आणि मातीचा लेप कालवून तो कामाला लागला. शिष्यांचा प्रश्न निर्दयतेचा होता असे मला वाटत नाही. तो भयाचा होता. हे आंधळेपण कोणाच्या तरी पातकाचे फळ ठरले, की ते आपल्या वाट्याला येण्याचा संभव तेवढा कमी होतो.

निवाड्याची ही ओढ किती चिवट आहे, याची साक्ष खुद्द शास्त्रग्रंथाच्या पाठानेच द्यावी हा एक विलक्षण योग आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमारापासून सोडवण्याची ती प्रसिद्ध कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. ती मागाहून आली असावी असेच बहुतेक पाठचिकित्सक मानतात. पण पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात संत ऑगस्टीनने या गैरहजेरीचे वेगळेच कारण दिले : आपल्या बायकांना पाप करण्याचा परवाना मिळेल या धास्तीने काही अल्पश्रद्ध पुरुषांनी तो भाग प्रतींतून काढून टाकला असावा. ऑगस्टीनचा तर्क बरोबर असो वा नसो, असा तर्क त्याला सुचावा यावरून त्या काळच्या मंडळीतील नवरे त्याला किती चांगले ठाऊक होते हे दिसते.

यानंतरचा इतिहास सांगताना मी काही ठिकाणी रेंगाळणार आहे व काही ठिकाणी झपाट्याने पुढे जाणार आहे. इजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या-पाचव्या शतकांतल्या तपस्व्यांनी या विषयाला जेवढे जवळून पाहिले तेवढे पुढे क्वचितच कोणी पाहिले. पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेल्या अब्बा मोशेला एका अपराधी बांधवाचा न्याय करण्यासाठी सभेला बोलावले, तेव्हा तो गळके भांडे पाठीवर घेऊन आला आणि माझी पापे माझ्यामागे गळत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे, अशा आशयाचे बोलला. ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यापेक्षा मला सहाव्या शतकातील गाझाच्या दोरोथिओसचे विवेचन अधिक मोलाचे वाटते. तो तीन पायऱ्या दाखवतो. अमुक मनुष्य खोटे बोलला असे इतरांना सांगणे ही निंदा; अमुक मनुष्य खोटारडा आहे असे म्हणणे हा निवाडा, कारण येथे एका कृत्यावरून अख्ख्या जिण्यावर शिक्कामोर्तब झाले; आणि त्याची किळस येऊन त्याच्याकडे पाठ फिरवणे हा तिरस्कार. १९७० च्या दशकापासून दारूबंदी असलेल्या आमच्या जिल्ह्यात या पायऱ्या समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. ‘तो काल प्याला होता’ येथपासून ‘तो बेवडाच आहे’ येथपर्यंतचा प्रवास कोणत्याही गावात एका संध्याकाळात पुरा होतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने या अनुभवाला न्यायशास्त्राची शिस्त लावली. निवाडा ग्राह्य होण्यास तीन गोष्टी अवश्य : तो न्यायबुद्धीतून उपजलेला हवा, करणाऱ्याला तसा अखत्यार हवा, आणि पुराव्याची सारासार छाननी झालेली हवी. यांतील शेवटची बाब नसली म्हणजे उरतो तो संशय. संशय येतो कोठून याचेही तो कारण देतो : स्वतः दुष्ट असणारा इतरांत दुष्टपणा सहज कल्पितो, ज्याच्याविषयी द्वेष वा मत्सर असतो त्याच्याविषयी क्षुल्लक खुणेवरून वाईट धरून चालतो, आणि तिसरे कारण दीर्घ अनुभव, म्हणून वृद्ध माणसे अधिक संशयी असतात. या तिसऱ्या कारणापाशी माझ्या वयाच्या वाचकाने क्षणभर थांबावे.

धर्मसुधारणेच्या काळात प्रश्नाचा रोख पालटला. आईबाप, गुरू, न्यायाधीश यांच्या पदाला ईश्वराने निर्णयाचा अधिकार दिला आहे, बाकीच्यांनी आपली हद्द ओलांडू नये, ही ल्यूथरची वाटणी व्यवहार्य होती व म्हणूनच लोकप्रिय झाली. तिच्याविरुद्ध १८८४ मध्ये टॉलस्टॉयने पुकारा केला की, न्याय करू नका ही आज्ञा न्यायालयांनाही लागू आहे. त्याच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीतील नेख्ल्यूदोव ज्यूरीत बसतो आणि समोरच्या आरोपी स्त्रीकडे पाहताना त्याला उमगते की, तिच्या अधःपाताचा प्रारंभ आपणच केला होता. टॉलस्टॉयच्या सर्व युक्तिवादांहून हा एक प्रसंग भारी आहे. विसाव्या शतकात बोनहोफरने मुळावरच घाव घातला : बऱ्या-वाईटाचे ज्ञान स्वतःकडे घेणे हेच मनुष्याच्या पतनाचे लक्षण, आणि प्रत्येक क्षणी निवड व छाननी करीत राहणारा सज्जन परूशी हा त्या पतनाचा सर्वांत भारदस्त नमुना. पुढे रने जिरार्दने बळीच्या बकऱ्यावर एकवटणाऱ्या जमावाची मीमांसा केली. मानसशास्त्रज्ञही याच सुमारास त्याच ठिकाणी येऊन पोहोचले होते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेल्विन लर्नर व कॅरोलिन सिमन्स यांच्या प्रयोगात, विजेचे धक्के बसत असल्याचे नाटक करणाऱ्या एका स्त्रीला प्रेक्षकांना पाहावयास लावले. तिची यातना थांबवणे आपल्या हाती नाही आणि ती चालूच राहणार आहे असे ज्यांना वाटले, त्यांनी तिलाच हलकी लेखले. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा, तर जो भोगतो तो त्या भोगास पात्रच असला पाहिजे.

या ग्रंथातील निबंध वाचल्यावर माझ्या मनात जे मत दृढ झाले ते येथे सांगून टाकतो. आपण इतरांचा निवाडा करतो तो त्यांना जाणण्यासाठी नव्हे. आपली सुटका करून घेण्यासाठी. प्रकरण दाखलदप्तर झाले म्हणजे कारकून मोकळा होतो. मेलेला बेवडा होता असे ठरले, की त्याच्या विधवेकडे पायली दोन पायली ज्वारी पोहोचवण्याचे शेजाऱ्याचे उत्तरदायित्व संपते, आणि कापसाचा भाव, बियाण्याचा दर, पाण्याची ओढ यांविषयी स्वतःच्या पोटात उठलेला गोळाही तात्पुरता शमतो. दुष्टपणा, अहंकार, मत्सर ही कारणे परंपरेने दिली आहेत व ती खोटी नाहीत. पण त्यांच्या तळाशी मला ही सुटकेची निकड दिसते.

या मताची कसोटी घेण्यास वर्ध्याइतके योग्य स्थळ मिळणे कठीण, आणि त्याचे कारण महारोग. लेवीय ग्रंथात याजकाने चट्टा तपासून मनुष्याला अशुद्ध ठरवायचे व वस्तीबाहेर घालवायचे असा विधी आहे. आपल्याकडे याजकाशिवायही तेच होत असे, आणि वर पूर्वजन्मीच्या पातकाचा ठपका असे. १८७३ मध्ये हान्सेनने या रोगाचा जंतू शोधून काढल्यावरही निवाडा कायम राहिला, एवढेच नव्हे तर १८९८ च्या कायद्याने त्याला सरकारी मोहर मिळाली; तो कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले, आणि जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यांतून वगळावयास २०१९.

अशा स्थितीत १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांची वसाहत उभारली. शेती, सूत, औषध असा तेथला दिनक्रम; जो आला त्याला काम द्यायचे, तो का आजारी पडला याचा हिशेब मागायचा नाही. पुढे १९३९ च्या सुमारास परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. हे संस्कृतचे पंडित येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झालेले, आणि आता रोगाने सर्वांगी ग्रासलेले. गांधीजींनी आश्रमवासीयांचे मन वळवून त्यांना ठेवून घेतले, त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ‘परचुरे कुटी’ सेवाग्रामला जाणारा प्रत्येक जण पाहतो. मालिशीचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. पण त्याच काळातले दुसरे एक छायाचित्र आहे, त्यात गांधीजी सूक्ष्मदर्शकावर ओणवे होऊन महारोगाचे जंतू न्याहाळत आहेत. मला ही दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवावीशी वाटतात. निवाडा करणारा दुरून पाहतो व एकदाच पाहतो. येथे दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याचे डोके खाली वाकलेले आहे. गांधी स्मारक निधीच्या कुष्ठसंस्थेने १९५१ पासून डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली वर्ध्याहून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही जी पद्धत चालवली, तिच्यातही रोग्याने दाराशी येऊन दया मागण्याची वाट न पाहता घरोघर जाणे हेच मुख्य होते. याच जिल्ह्यातील हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी तर, गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम या महारोग्याला पाहून आपण प्रथम घाबरून पळालो, हे आयुष्यभर सांगितले. त्या पळण्याची कबुली दिली नसती तर त्यांनी उभारलेल्या आनंदवनाची गोष्ट केवळ एका सज्जनाची गोष्ट झाली असती.

या ठिकाणी आमच्या थोर शेजाऱ्याच्या एका वचनाविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी आपला हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू केला. तो चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला, आणि ही अस्पृश्यतेच्या पातकाची ईश्वरी शिक्षा होय असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथांनी तत्काळ प्रतिवाद केला. हेतू उदात्त होता यात शंका नाही. पण मुंगेर, मुझफ्फरपूरच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्यांत ज्यांना अस्पृश्य म्हणत तेही होते, आणि शिलोहाच्या बुरुजाचा प्रश्न तेथे जसाच्या तसा लागू पडतो. माझ्या मते या वादात रवींद्रनाथ बरोबर होते. जो मनुष्य एका महारोग्याबाबतीत कारणाचा प्रश्न बाजूस सारू शकला, त्यालाच हजारो मृतांच्या बाबतीत तो मोह आवरला नाही, यावरून हा मोह किती खोल आहे हे कळावे.

ख्रिस्ती मंडळीचा स्वतःचा जमाखर्चही काही निर्मळ नाही. अब्बा मोशेच्या वारसांनी पाखंड्यांना जाळले, महारोग्यांना जिवंतपणी मृतवत् ठरवणारे विधी केले, आणि आमच्या प्रांतात, काँग्रेसशी नाते ठेवणाऱ्या व्हेरिअर एल्विनला नागपूरच्या बिशपांनी प्रवचनाचा परवाना नाकारला. जे. सी. कुमारप्पांचे उदाहरण अधिक बोलके आहे. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातला, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला व कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला हा मनुष्य १९३४ च्या अखेरीपासून वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागला. त्याआधी १९३० मध्ये, निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पडणाऱ्या लाठ्यांविषयी चर्चचे मत काय, असा उघड सवाल त्यांनी मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना केला होता, आणि बिशपमहाशयांचा कौल कायदा व सुव्यवस्थेच्या बाजूने पडला होता. कुमारप्पा चर्चवर रागावले, ख्रिस्तावर नाही. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ हे पुस्तक त्याची साक्ष आहे. येथे मात्र एक गाठ बसते, आणि ती या ग्रंथात सुटलेली नाही : लाठी चालवणाऱ्याला अन्यायी म्हणणे हाही निवाडाच ना? दोरोथिओसच्या पायऱ्या येथे उपयोगी पडतात असे मला वाटते. कृत्याला अन्याय म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. कर्त्याला कायमचा दाखलदप्तर करण्याची मात्र गरज नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही, ही उणीव काही अंशी येथे भरून निघावी. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कथेचा विषयच मुळी विधवेवरील समाजाचा निवाडा हा आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला आणि ते डोंगरावरील प्रवचनाशी खिळले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग निवाड्यांचा जो पाऊस पडला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावर झेलला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, आणि त्या हसण्याच्या ओघात बाई आपल्या मनातली विटाळाची कल्पना कशी एकेक पायरीने गळून पडली हे सांगून जातात. निवाड्यातून बाहेर पडण्याचे असे तपशीलवार आणि इतके निरभिमान वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही.

आज या विषयाची निकड काय, असे कोणी विचारील तर दूर जाण्याचे कारण नाही. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द झाला. तरी आमच्या पारधी बेड्यांवर त्याचा कौल अद्याप बजावला जातो, आणि कोठे चोरी झाली की प्रथम पाऊल तिकडेच वळते. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. मोबाइलवर कोणाचे तरी अर्ध्या मिनिटाचे चित्र येते आणि जेवण होण्यापूर्वी त्या अनोळखी माणसाची आबरू सरकारजमा झालेली असते. शेतात राबूनही जिच्या नावे सातबारा नाही त्या बाईने जीव दिला तर ती सरकारी व्याख्येत शेतकरी ठरताना अडचण पडते. म्हणजे ‘पात्र’ हा शब्द ज्याच्या हाती, त्याच्या हाती मेल्यानंतरची ओळखही असते.

आता ग्रंथाविषयी थोडे. येथे धर्मशास्त्राचा क्रमवार इतिहास मिळणार नाही. पूर्वेकडील सनातनी मंडळ्यांविषयी वाळवंटातील तपस्वी सोडले तर फार थोडे आहे, आणि कॅथलिक पापनिवेदनाच्या विधीवर स्वतंत्र निबंध असता तर बरे झाले असते. हिंदू, बौद्ध वा महानुभाव विचाराशी तुलना करण्याचा मोह लेखकांनी बहुतेक ठिकाणी टाळला आहे, अपवाद विनोबांचा. ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध करणाऱ्या विनोबांचे पवनारचे एक सांगणे येथे पुन्हा पुन्हा येते : माणसाचे गुण म्हणजे घराची दारे आणि दोष म्हणजे भिंती, आत जायचे तर दार शोधावे, भिंतीवर डोके आपटू नये. एका लेखिकेने त्यावर रास्त शंका घेतली आहे की, ज्या घरात बायकोला मारहाण होते त्या घराचे दार शोधण्याचा उपदेश नेमका कोणाला करायचा. तिचा निबंध मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला, आणि क्षमेवरील प्रकरणाआधी तो वाचावा अशी माझी सूचना आहे.

दारूबंदीवरील दोन निबंध परस्परांच्या थेट विरुद्ध आहेत. एकाचे म्हणणे असे की, बंदीने पिणाऱ्याला गुन्हेगार केले व गावाला निवाड्याचे आयते हत्यार दिले; दुसऱ्या निबंधात बंदी मोडून दारू येत असतानाही तिच्यासाठी झगडणाऱ्या बायकांची बाजू आहे, आणि तेथे निवाडा हा त्यांच्या हाती आलेला पहिला अधिकार ठरतो. संपादकांनी दोहोंत तडजोड घडवून आणण्याचा खटाटोप केला नाही व मीही करीत नाही. दोन्ही निबंध शेजारीशेजारी छापले आहेत. वाचकाने कोणताही आधी वाचावा, मात्र एक वाचून ग्रंथ मिटू नये.